गम्मत, पंथी आणि प्रयोग : छत्तीसगडी लोकसंगीताच्या परिवर्तनाची मीमांसा

छत्तीसगडच्या ‘नाचा’ या लोकनाट्यप्रकारातील विनोदी प्रवेशाला ‘गम्मत’ म्हणतात, ही गोष्ट मराठी अभ्यासकाचे लक्ष प्रथमच वेधून घेते. पूर्व विदर्भातील ‘खडी गंमत’ आणि छत्तीसगडातील ‘खडे साज’ या दोन्ही प्रकारांत वाद्ये कमरेला बांधून उभ्याने वाजविण्याची रीत होती. नाचातील ‘जोक्कड’ आपल्या सोंगाड्याचा सख्खा भाऊ शोभतो, आणि स्त्रीवेषातील पुरुषाने साकारलेली ‘परी’ आपल्या नाच्याची आठवण करून देते. प्रेक्षकाने परीच्या हाती पैसे द्यावेत आणि तिने त्याच्या नावाने गाणे म्हणावे, या प्रथेला तेथे ‘मोंजरा’ म्हणतात. तमाशातील दौलतजादेची ओळख असणाऱ्यास त्याचा निराळा अर्थ सांगावा लागत नाही. नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडावर आली ती अठराव्या शतकाच्या मध्यास, आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. त्यानंतरही १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात नांदत होते. तेव्हा कोणी कोणाकडून काय घेतले, या वादात शिरण्याचे प्रयोजन नाही. मुलूख सलग होता, बाजार आणि जत्रा सामाईक होत्या, आणि कलावंत पायी फिरत होते, एवढे ध्यानात घेतले तरी पुरे.

या साम्याचा उल्लेख आरंभीच करण्याचे कारण निराळे आहे. लोकसंगीत मुळात शुद्ध आणि स्थिर असते, शहराचा अथवा परदेशाचा स्पर्श झाला की ते बदलू लागते, अशी एक समजूत आपल्या चर्चेत खोलवर रुजलेली आहे. ‘फ्यूजन’ या अलीकडच्या शब्दाने ती अधिकच घट्ट केली. छत्तीसगडच्या लोकसंगीताचा गेल्या शतकातील प्रवास पाहिला तर ही समजूत टिकत नाही. संगीत बदलत होते, आणि ते प्रथम बदलले खेड्यातल्याच माणसांनी. त्यामुळे मिश्रण झाले की नाही हा प्रश्न गौण ठरतो. काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे कोणी ठरविले, कोणत्या भाषेत ठरविले, आणि बदललेल्या गाण्याबरोबर गाणाऱ्याचे नाव पुढे गेले की मागे राहिले, हे प्रश्न प्रस्तुत लेखात महत्त्वाचे मानले आहेत.

राजनांदगावजवळच्या रवेली गावचे दुलारसिंह साव, अर्थात दाऊ मंदराजी (मृत्यू १९८४), हे या प्रवासातील पहिले मोठे नाव. घरची शेतीवाडी असलेल्या या माणसाने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाअखेरीस रवेलीची नाचा मंडळी उभी केली. त्यापूर्वीच्या नाचात मशालींचा उजेड असे आणि गायकाला साथ असे ती चिकाऱ्याची. चिकारा हे सारंगीच्या कुळातील, गजाने वाजवायचे छोटे वाद्य. मंदराजींनी १९३० च्या सुमारास मशालीच्या जागी गॅसबत्ती आणली आणि चिकाऱ्याच्या जागी हार्मोनियम.

हा बदल वरवर पाहता किरकोळ वाटेल. संगीताच्या दृष्टीने तो मूलगामी होता. चिकारा गळ्यामागून जातो. गायकाने स्वर किंचित उतरविला, एखादी जागा घासून घेतली, तर गजही तसाच घसरतो. हार्मोनियमच्या पट्ट्या मात्र अचल असतात आणि दोन स्वरांमधली वाट त्यांना ठाऊक नसते. शेतात निंदणी करताना म्हटला जाणारा ‘ददरिया’ हे याचे चांगले उदाहरण आहे. ददरिया हे दोन ओळींचे, सवालजवाबाचे गाणे. त्याची पहिली ओळ पुष्कळदा केवळ यमकासाठी येते, दुसरीत मनातले बोलले जाते, आणि ओळीअखेरचा स्वर लांबवर हाक मारल्यासारखा ओढला जातो. ती ओढ पेटीवर येत नाही. उलट हजारोंच्या जमावात, उघड्या मैदानावर, रात्रभर टिकणारा मोठा आणि खात्रीचा स्वर चिकाऱ्याला देता येत नाही. मंदराजींनी गमावले ते आणि मिळविले ते, दोन्ही खरे आहे. पण हा सौदा त्यांनी स्वतः, आपल्याच श्रोत्यांसमोर केला.

मराठी वाचकाला यात आपल्या संगीत रंगभूमीचा इतिहास दिसावा. पॅरिसमध्ये १८४२ मध्ये अलेक्सांद्र दबॅं यांनी एकस्व घेतलेले, पायाने भाता हलवायचे हे वाद्य कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांच्या हाती हातपेटी झाले, आणि गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी त्याला मराठी नाट्यसंगीतात मानाचे स्थान मिळवून दिले. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ उजाडावे लागले. दिल्लीतील अधिकारी ज्या वाद्याला परके ठरवीत होते, ते त्याच काळात रवेलीच्या नाचात गावकऱ्यांचे होऊन बसले होते. परकेपणाचा निवाडा नेहमी सभागृहात होतो; मैदानावर तो केव्हाच लागलेला असतो.

या पार्श्वभूमीवर हबीब तन्वीर यांचे कार्य पाहावे लागते. रायपूरमध्ये १९२३ साली जन्मलेले तन्वीर नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे पदवीधर. तेथून ते मुंबईला गेले, इप्टाच्या चळवळीत रमले, दिल्लीत १९५४ मध्ये ‘आग्रा बाजार’ केले, आणि पुढच्याच वर्षी नाट्यशिक्षणासाठी इंग्लंडला रवाना झाले. युरोपच्या भ्रमंतीत १९५६ मध्ये ते बर्लिनला पोहोचले तेव्हा ब्रेख्त नुकतेच निवर्तले होते. त्यांची नाटके मात्र तन्वीरांनी पाहिली. परतल्यावर १९५८ मध्ये रायपूरला, आपल्याच जुन्या शाळेच्या मैदानावर, त्यांनी रात्रभर नाचा पाहिला, आणि मदनलाल, ठाकुरराम, भुलवाराम, लालूराम, बाबूदास व जगमोहन या सहा कलावंतांना ते दिल्लीस घेऊन गेले. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’वर आधारलेल्या ‘मिट्टी की गाडी’त हे कलावंत उभे राहिले. १९५९ मध्ये मोनिका मिश्र यांच्यासमवेत तन्वीरांनी ‘नया थिएटर’ ही संस्था स्थापन केली.

या घटनेचे गौरवाने वर्णन करण्याची प्रथा आहे. तिची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. या कलावंतांतील अनेकजण रवेली-रिंगनीच्या नाचा परंपरेत घडलेले होते. उत्तम गाणारे आणि उत्तम हसविणारे गडी दिल्लीला गेले की गावाकडची मंडळी दुबळी होणार, हे उघडच आहे. नाचासाठी घरची जमीनजुमला खर्ची घालणाऱ्या मंदराजींचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. छत्तीसगड राज्य झाल्यावर त्यांच्या नावाने शासकीय सन्मान सुरू झाला, तो त्यांच्या निधनानंतर दीड दशकाहून अधिक काळाने. नया थिएटरच्या यशाचा हिशेब मांडताना ही रक्कम नावे बाजूस लिहिली जावी, असे मला वाटते.

आरंभीच्या वर्षांत तन्वीरांचा प्रयोग त्यांना स्वतःलाही समाधान देत नव्हता. मैदानावर प्रेक्षकांना खिळवून ठेवणारे हे नट दिल्लीच्या रंगमंचावर अवघडत. त्याची दोन कारणे तन्वीरांनी पुढे वारंवार सांगितली. पहिले, त्यांच्या तोंडी हिंदी घातली गेली होती. मातृभाषा काढून घेतली की नटाची जीभच नव्हे तर देहही जड होतो. दुसरे, पाश्चात्त्य शिस्तीप्रमाणे त्यांच्या हालचाली आधीच आखून दिल्या जात. वाचता न येणाऱ्या, तिन्ही बाजूंनी बसलेल्या प्रेक्षकांत वावरलेल्या माणसाला ‘या वाक्याला उजवीकडे, त्या वाक्याला डावीकडे’ हे गणित निरर्थक होते. ही उमज पक्की व्हायला जवळपास पंधरा वर्षे गेली. भाषेची ही गोष्ट संगीतालाही तितकीच लागू आहे. छत्तीसगडी बोलीतील स्वरांचे ऱ्हस्वदीर्घत्व, ओळीअखेर येणारे ‘गा’, ‘वो’, ‘रे’ यांसारखे संबोधनाचे बोल, हे चालीचेच अवयव आहेत. शब्द हिंदी झाले की चालीचे सांधे निखळतात.

वळण आले ते १९७३ मध्ये रायपूरला. तन्वीरांनी घेतलेल्या महिनाभराच्या नाचा शिबिरात निरनिराळ्या मंडळ्यांचे शंभरावर कलावंत एकत्र आले. तीन जुन्या गमती एकमेकींत गुंफून ‘गाँव के नाँव ससुराल, मोर नाँव दमाँद’ हे नाटक तयार झाले. संहिता आधी आणि गाणी मागून, असा क्रम येथे नव्हता. छेरछेरा या पौष पौर्णिमेच्या धान्य मागण्याच्या सणातील गाणी, विवाहगीते, देवार या भटक्या गायक समाजाची गाणी कलावंतांनी आणली, आणि कथेचा सांगाडा त्या गाण्यांच्या बेताने उभा राहिला. देवार समाजातून आलेल्या फिदाबाई मरकाम यांच्यासारख्या गायिकेचा आवाज याच काळात नया थिएटरच्या कानाकोपऱ्यांत घुमू लागला. ज्या रंगमंचावर पुरुषच परी होत, तेथे देवार स्त्री गायिका व नटी म्हणून उभी राहणे, हा देखील एक प्रयोगच होता, आणि त्याची किंमत त्या स्त्रियांनीच मोजली असणार.

पुढच्या ‘चरणदास चोर’ची कथा विजयदान देथा यांच्या राजस्थानी लेखनातून आली. भिलाईतील शिबिरात तिचे छोटे रूप तयार झाले आणि मोठ्या सतनामी समुदायासमोर ते उघड्यावर सादर झाले. पूर्ण नाटक १९७५ चे. गुरू घासीदासांनी एकोणिसाव्या शतकात प्रवर्तित केलेल्या सतनाम पंथाची सत्य ही मूळ श्रद्धा. खरे बोलण्याच्या व्रतापायी प्राण देणारा चोर त्या श्रोत्यांना आपला वाटला यात नवल नाही. सतनामींचे ‘पंथी’ हे नृत्यगीत या नाटकाचा कणा झाले. पंथी मांदर आणि झांजेच्या साथीने संथ लयीत सुरू होते, जैतखांबाभोवती फिरणाऱ्या नर्तकांची पावले क्रमाक्रमाने द्रुत होतात, आणि शेवटी माणसांवर माणसे चढून मनोरे रचले जातात. गाणे मात्र थांबत नाही. देवदास बंजारे यांच्यासारखे पंथीचे निष्णात कलावंत या प्रयोगाशी जोडले गेले. स्वर्णकुमार साहू, गंगाराम सखेत हे गीतकार गावाकडचेच. तन्वीर प्रसंग सांगत, कवी जुन्या चालीवर नवे शब्द बसवीत, गायक ते आपल्या गळ्याने पारखीत. समीक्षकांनी यातील गीतांत ब्रेख्तची ‘अलिप्तता’ पाहिली. कथा थांबवून गाण्याने भाष्य करण्याची रीत नाचात पूर्वापार होतीच. बर्लिनने तन्वीरांना काही शिकविले असेल, तर घरी काय आहे ते ओळखायला शिकविले.

श्याम बेनेगल यांनी १९७५ मध्येच या कथेवर बालचित्रपट केला. त्यात नया थिएटरच्या नटांबरोबर राणीच्या भूमिकेत स्मिता पाटील होत्या. १९८२ मध्ये एडिंबरोच्या महोत्सवात ‘चरणदास चोर’ला फ्रिंज फर्स्ट पुरस्कार मिळाला आणि नंतर युरोपभर प्रयोग झाले. १९९३ च्या ‘कामदेव का अपना, बसंत ऋतु का सपना’मध्ये तर शेक्सपिअरच्या ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’चे पाणी छत्तीसगडी चालींच्या पाटातून वाहिले.

मराठी रंगभूमीशी येथे तुलना करणे उद्बोधक ठरेल. ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) मध्ये भास्कर चंदावरकरांनी कीर्तन, लावणी आणि दशावताराच्या सामग्रीचा अपूर्व उपयोग केला, पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त ब्रेख्तच्या नाटकाला तमाशाचा साज चढला. दोन्ही प्रयोगांचे श्रेय वादातीत आहे. मात्र तेथे शहरातील सुशिक्षित नटांनी लोकसंगीत आत्मसात केले. नया थिएटरमध्ये ज्यांचे गाणे तेच मंचावर होते. मराठीतील प्रयोग संगीतदृष्ट्या अधिक रेखीव आहेत. छत्तीसगडी प्रयोगात एक ओबडधोबड जिवंतपणा आहे. एकाला थोर आणि दुसऱ्याला लहान ठरविण्याची गरज नाही. पण गोविंदराम निर्मलकर यांच्यासारख्या नाचा कलावंताला २००९ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि मराठीतील त्या काळच्या नाट्यप्रयोगांमागे उभ्या असलेल्या तमासगिरांची नावे प्रयोगाच्या पत्रिकेवर क्वचितच आली, हा फरक नोंदवायलाच हवा.

छत्तीसगडात याच सुमारास परिवर्तनाची एक निराळी वाटही तयार होत होती. दुर्ग जिल्ह्यातील बघेरा गावी दाऊ रामचंद्र देशमुख यांनी १९७१ मध्ये ‘चंदैनी गोंदा’ मंचावर आणले. शेतकऱ्याच्या आयुष्याभोवती गुंफलेला, दिवे, नेपथ्य आणि वाद्यवृंद यांनी सजलेला हा गीतमय प्रयोग हजारोंच्या गर्दीत होत असे. शाहीर साबळे यांची ‘महाराष्ट्राची लोकधारा’ ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्याची कल्पना करता येईल. लक्ष्मण मस्तुरिया यांची गीते आणि खुमानलाल साव यांचे संगीत यांमुळे येथे एक महत्त्वाची गोष्ट घडली : लोकगीताला कवीचे आणि संगीतकाराचे नाव मिळाले. १९६३ मध्ये सुरू झालेल्या आकाशवाणीच्या रायपूर केंद्राने अशी गाणी घरोघरी नेली. शुद्धतावाद्यांना ही गाणी ‘लोक’ वाटत नाहीत. धान रोवताना बाया ती म्हणू लागल्यावर या आक्षेपाला फारसा अर्थ उरत नाही.

नाव मिळणे आणि नाव जाणे, हा प्रश्न छत्तीसगडपुरता नाही. आशियातील दुसऱ्या एका देशात त्याची कशी सोडवणूक झाली हे पाहण्यासाठी कोरियाकडे वळणे उपयुक्त आहे. दक्षिण कोरियात १९६२ च्या सांस्कृतिक वारसा संरक्षण कायद्यान्वये पारंपरिक कलांची सूची तयार होऊ लागली. ‘पान्सोरी’ हे कथागायन १९६४ मध्ये तिच्यात आले. पान्सोरीत हातात पंखा घेतलेला एकच गायक आणि एकच ढोलवादक असतो, आणि वादक मधूनमधून दाद देत गायकाला पुढे नेतो. तीजनबाईंच्या पंडवानीत तंबुरा उंचावून भीमाचा आवेश उभा करणारी गायिका आणि हुंकार देणारा ‘रागी’ ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा संबंध लगेच उमगेल. कोरियन कायद्याचा विशेष असा की कलेबरोबर ती धारण करणाऱ्या व्यक्तीचीही नावानिशी नोंद होते, तिला मानधन मिळते आणि शिष्य तयार करण्याचे दायित्व तिच्यावर येते. यामुळे कला साचेबंद होते अशी टीका तेथेही झाली. परंतु परंपरेतलेच लोक तो साचा मोडूही शकले. फिरत्या खेळकरी मंडळ्यांच्या परंपरेत लहानपणापासून वाढलेले किम दुक-सू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये सेऊल येथे, शेतात व गावाच्या चौकात नाचत वाजवायची चार तालवाद्ये छोट्या नाट्यगृहात बैठकीने वाजविली. ‘सामुलनोरी’ हा प्रकार असा जन्मला, आणि पुढे त्यांनी ऑस्ट्रियन सॅक्सोफोनवादक वोल्फगांग पुश्निग यांच्या ‘रेड सन’ या जॅझ गटाबरोबर वादन केले. त्या मैफलींत कोरियन ताल पार्श्वभूमीला गेला नाही, कारण वाजविणाऱ्यांची ओळख आधीच प्रस्थापित झालेली होती.

छत्तीसगडी गाण्याच्या वाट्याला असे क्वचित आले. २००९ च्या ‘दिल्ली-६’ या चित्रपटातील ‘ससुराल गेंदा फूल’ देशभर गाजले. ते छत्तीसगडी लोकगीतावर आधारलेले आहे. देशाने ते ए. आर. रहमान आणि प्रसून जोशी यांच्या नावाने ओळखले. रायपुरात मात्र त्याच्या पूर्वेतिहासाशी भुलवाराम यादव, गंगाराम शिवारे आणि आकाशवाणीवर ते गाणाऱ्या जोशी भगिनी ही नावे जोडली जातात. रहमानांच्या रचनेला दोष देण्याचे कारण नाही. ताल बदलूनही त्यांनी चालीचा खट्याळपणा राखला आहे. प्रश्न उरतो तो ‘पारंपरिक’ या शब्दाचा. या शब्दाने गाणे सर्वांचे होते, आणि म्हणून कोणाचेच राहत नाही. पुढच्याच वर्षीच्या ‘पीपली लाइव्ह’मध्ये ‘चोला माटी के राम’ हे नया थिएटरच्या ‘बहादुर कलारिन’मधील गीत आले तेव्हा चित्र काहीसे वेगळे होते. गायिका होत्या तन्वीरांच्या कन्या नगीन तन्वीर, गीतकार म्हणून गंगाराम सखेत यांचे नाव होते, आणि पडद्यावर नया थिएटरचेच ओंकारदास माणिकपुरी मुख्य भूमिकेत होते. जेथे माणसे गाण्याबरोबर गेली, तेथे नावेही गेली.

हबीब तन्वीर ८ जून २००९ रोजी भोपाळ येथे निधन पावले. त्यानंतर दोनच महिन्यांत, सतनामी समाजातील काही धुरीणांच्या आक्षेपावरून, छत्तीसगड शासनाने ‘चरणदास चोर’च्या पुस्तकावर बंदी घातली. देशभरातील नाट्यकर्मींनी तिचा निषेध केला आणि तो रास्त होता. तथापि या प्रसंगाकडे केवळ अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या अंगाने पाहून भागत नाही. ज्या समाजासमोर भिलाईच्या मैदानावर हे नाटक प्रथम उलगडले, ज्याचे पंथी गीत घेऊन ते जगभर फिरले, त्याच समाजातून साडेतीन दशकांनी हरकत निघाली. पंथी गाणारे मंचावर होते, त्यांच्या संमतीने ते मंचावर होते. पण मंचावर नसलेल्या समाजाची संमती कोणी कशी घ्यायची, आणि ती एकदा मिळाली की पुढच्या पिढीलाही बांधून ठेवते काय, याचे उत्तर नया थिएटरच्या कामातून मिळत नाही. दरवर्षी १८ डिसेंबरच्या घासीदास जयंतीला छत्तीसगडच्या गावोगावी जैतखांबाभोवती पंथी होतेच. त्यातल्या कित्येक मंडळ्यांच्या वेगवान हालचाली आणि मनोरे देवदास बंजारे यांच्या मंचीय पंथीच्या वळणाचे दिसतात.